अंड्यातल्या अंधारात डोळा आणि मेंदू एकमेकांना कसे जोडले जातात

कोंबडीचं पिल्लू अंडं फोडून बाहेर येतं, अंग वाळतं, पायावर जरा नीट उभं राहतं आणि काही तासांतच जमिनीवरच्या बारीकसारीक गोष्टींवर चोच मारायला लागतं. दाणा कुठे आहे, किती लांब आहे, चोच कुठवर न्यायची, हे त्याला येतं. सुरवातीला नेम थोडा चुकतो, पण आपल्या बाळांना समोरचा खुळखुळा धरायला किती महिने लागतात ते बघितलं तर हे पिल्लू म्हणजे कमालच म्हणायची. आणि बाहेर यायच्या आधी त्याने काहीही बघितलेलं नसतं. काहीही म्हणजे जवळजवळ काहीही, त्या 'जवळजवळ'कडे शेवटी येऊ कारण या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच आहे.

तर प्रश्न असा, की डोळ्यातून निघालेले लाखो तंतू मेंदूत बरोब्बर आपापल्या जागी जाऊन कसे बसतात, तेसुद्धा 21 दिवसांत, बंद कवचाच्या आत, अंधारात.

हे शोधायला कोंबडीचं अंडं अगदी सोयीचं आहे. उंदराचा गर्भ आईच्या पोटात असतो, तिथे हात घालणं अवघड. अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडायची, आत जे करायचं ते करायचं, वरून चिकटपट्टी लावायची आणि अंडं परत उबवायला ठेवायचं, गर्भ वाढत राहतो. अॅरिस्टॉटलने तर सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी उबवत ठेवलेली अंडी वेगवेगळ्या दिवशी फोडून बघितली होती आणि दहाव्या दिवसाच्या आसपास डोळे किती मोठे आणि काळे दिसतात ते लिहून ठेवलंय. खरंच अवाढव्य असतात ते डोळे, गर्भाचा फोटो बघितलात तर आधी डोळाच दिसतो आणि मग बाकीचं पिल्लू. 1951 साली हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या दोघांनी गर्भाच्या वाढीचे 46 टप्पे चित्रांसकट ठरवून दिले, आजही जगभरच्या लॅबमध्ये त्याच आकड्यांनी बोलतात.

आता डोळा मुळात येतो कुठून? मेंदूतूनच. दीड दिवसाच्या गर्भात मेंदू म्हणजे एक नळी असते, तिच्या पुढच्या टोकाला दोन बाजूंना दोन फुगवटे येतात, ते बाहेर वाढत जाऊन कातडीला टेकतात आणि मग स्वतःच आत दुमडतात. त्या दुमडलेल्या थरातून रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला उजेड टिपणारा पडदा, तयार होतो आणि समोरच्या कातडीतून भिंग. म्हणजे रेटिना हा मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी अंडं बॅटरीच्या उजेडात धरलं की काळा ठिपका दिसतो ना, घरी अंडी उबवणाऱ्यांनी बघितला असेल, तो डोळा.

म्हणजे मेंदूने डोळा बाहेर पाठवला आणि आता डोळ्याला परत मेंदूपर्यंत पोचायचंय. हे काम रेटिनातल्या गॅंग्लिऑन पेशी करतात. तिसऱ्या दिवसापासून त्यांच्यातून बारीक तंतू निघायला लागतात आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला ग्रोथ कोन नावाचा एक सतत हलणारा भाग असतो. तो आजूबाजूला बारीक बोटं काढतो, जिथे मानवतं तिकडे सरकतो, जिथे मानवत नाही तिथून मागे येतो. त्याला लांबचं काही कळत नाही, त्याला कळतं ते फक्त अगदी शेजारी काय आहे एवढंच. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

चौथ्या दिवसाच्या आसपास दोन्ही डोळ्यांचे तंतू मेंदूच्या खालच्या बाजूला येऊन भेटतात. तिथे पक्ष्यांचा आणि आपला मोठा फरक आहे. आपल्यात साधारण निम्मे तंतू दुसऱ्या बाजूला जातात आणि बाकीचे त्याच बाजूला राहतात. पक्ष्यांमध्ये जवळपास सगळेच्या सगळे ओलांडून जातात, उजवा डोळा पूर्ण डाव्या मेंदूकडे आणि डावा डोळा पूर्ण उजव्या मेंदूकडे. गर्भात सुरवातीला थोडेसे तंतू चुकून आपल्याच बाजूला वळतात खरे पण अंडं फुटायच्या आत ते गायब झालेले असतात.

तिथून पुढे दोन मुख्य रस्ते आहेत. नावं थोडी जड आहेत पण एकदा वाचून घ्या. पहिला रस्ता टेक्टमकडे जातो. टेक्टम म्हणजे मध्यमेंदूच्या वरच्या बाजूचे दोन गोल उंचवटे, पक्ष्यांमध्ये हे खूप मोठे असतात आणि त्यात पेशींचे पंधराएक थर असतात. तिथून माहिती थॅलॅमसमधल्या (मेंदूच्या आतलं, माहिती पुढे पाठवणारं ठिकाण) रोटंडस नावाच्या पेशींच्या गठ्ठ्यात जाते आणि तिथून पुढच्या मेंदूतल्या एन्टोपॅलियममध्ये. दुसरा रस्ता टेक्टमला वगळून थेट थॅलॅमसच्या दुसऱ्या एका भागात जातो आणि तिथून पुढच्या मेंदूच्या वरच्या बाजूला असलेल्या वुल्स्ट नावाच्या उंचवट्यात. कोंबडी किंवा कबुतर, म्हणजे ज्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात त्यांच्यात पहिला रस्ता मोठा. घुबडासारखे डोळे समोर असलेल्या पक्ष्यात दुसरा रस्ता जबरदस्त वाढलेला असतो.

या सगळ्यात सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो रेटिना ते टेक्टम या टप्प्याचा. सहाव्या दिवशी तंतू टेक्टमच्या पुढच्या कडेपाशी येऊन ठेपतात आणि बाराव्याच्या आसपास मागच्या टोकापर्यंत पसरलेले असतात. पसरताना वाटेल तसे पसरत नाहीत. रेटिनात शेजारी असलेल्या दोन पेशींचे तंतू टेक्टमवरही शेजारीच बसतात, म्हणजे डोळ्यात उमटलेलं चित्र मेंदूवर जसंच्या तसं, फक्त उलटसुलट होऊन, उतरतं. रेटिनाची चोचीकडची बाजू टेक्टमच्या मागच्या टोकाला, कानाकडची बाजू पुढच्या टोकाला, वरची खाली आणि खालची वर.

हे कसं होतं यावर आधी बरीच मारामारी होती. एक मत असं की सुरवातीला सगळे तंतू कसेही जोडले जातात आणि मग वापरातून, अनुभवातून, योग्य जोडण्या टिकतात. रॉजर स्पेरी नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात हे मोडीत काढलं. त्याने बेडूक आणि न्यूट (बेडकाच्याच जातकुळीतला, पालीसारखा दिसणारा प्राणी) यांची डोळ्याची नस कापली आणि डोळा 180 अंशात उलटा फिरवून बसवला. या प्राण्यांची नस परत वाढते. वाढली, आणि बेडकाला दिसायलाही लागलं, पण उलटं. माशी वर असली तर तो खाली झेप घ्यायचा, आणि कितीही दिवस गेले तरी सुधारला नाही. म्हणजे अनुभवाने काहीच शिकवलं नाही, प्रत्येक तंतू आपल्या मूळच्या पत्त्यावरच जाऊन बसला. स्पेरीने 1963 साली मांडलं की पेशींवर रासायनिक खुणा असणार. नोबेल त्याला 1981 मध्ये मिळालं, पण ते मेंदूच्या दोन अर्धांवरच्या वेगळ्या कामासाठी.

खुणा असणार हे म्हणणं सोपं, दाखवणं अवघड. लाखो तंतूंना लाखो वेगवेगळी रसायनं कुठून आणणार? तेवढे जीन्सच नाहीत. इथे जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या फ्रेडरिक बॉनहोफरच्या गटाने एक फार सुंदर प्रयोग केला. कोंबडीच्या गर्भाच्या टेक्टमचा पुढचा भाग आणि मागचा भाग वेगळा करून त्यांच्या पेशींच्या पापुद्र्याचे एकाआड एक बारीक पट्टे तयार केले आणि त्यावर रेटिनाचे तुकडे वाढवले. कानाकडच्या बाजूचे तंतू फक्त पुढच्या भागाच्या पट्ट्यांवरून सरळ रेषेत वाढले, मागच्या पट्ट्यांना त्यांनी शिवलंच नाही. चोचीकडच्या बाजूच्या तंतूंना काहीच फरक पडत नव्हता, ते दोन्हीवरून गेले. मग 1987 मध्ये त्यांनी दाखवलं की मागच्या भागाचे पापुद्रे गरम करून त्यातली प्रोटिन्स बिघडवली की कानाकडचे तंतू तिथेही खुशाल वाढतात. म्हणजे पुढचा भाग तंतूंना ओढत नव्हता, मागचा भाग त्यांना हाकलत होता.

1995 मध्ये हाकलणारे रेणू सापडले, आज त्यांना एफ्रिन म्हणतात. टेक्टमवर एफ्रिन पुढे कमी आणि मागे जास्त, असं चढत जातं. आणि ते ओळखणारे रिसेप्टर, म्हणजे तंतूंवरची प्रोटिन्स, रेटिनात चोचीकडे कमी आणि कानाकडे जास्त. मिरच्यांच्या हंगामात मसाल्याचा डंक असलेल्या गल्लीत शिरलात की काय होतं आठवा. ज्याचं नाक फार हळवं आहे तो गल्लीच्या तोंडाशीच ठसकतो आणि थांबतो, ज्याला जरा सोसतं तो मध्यापर्यंत जातो आणि ज्याला काहीच होत नाही तो थेट डंकाच्या दारात. कोणालाही घर नंबर दिलेला नाही, तरी माणसं ओळीने लागली. कानाकडचे तंतू हळव्या नाकाचे, म्हणून ते पुढेच थांबतात. दोन-तीन रसायनांचे चढउतार आणि प्रत्येक तंतूची वेगळी सोसण्याची ताकद, एवढ्यात अख्खा नकाशा निघतो. वर-खालच्या दिशेसाठी याच कुटुंबातली दुसरी जोडी वापरली जाते.

पण डंकाचं उदाहरण एका जागी लंगडं पडतं ते सांगायला हवं. कोंबडीत तंतू आपल्या जागेवर येऊन थांबत नाहीत, बरेचसे तिथून पुढे निघून जातात, आणि मग मागे योग्य जागी तंतूच्या मधूनच बाजूला फांद्या फुटतात. त्या फांद्या वाढतात, जोडल्या जातात आणि पुढे गेलेला जास्तीचा तंतू मोडून टाकला जातो. आधी पसारा मग आवराआवर. सरळ रेषेत नेमक्या जागी जाणं आपल्याला हुशारीचं वाटतं पण शरीर असं काम क्वचितच करतं.

पसाऱ्याचा दुसरा प्रकार जास्त धक्कादायक आहे. अकराव्या दिवसाच्या सुमारास एका डोळ्याच्या नसेत साधारण 40 लाख तंतू असतात. अठराव्या दिवशी मोजले तर साधारण 24 लाख. सोळा लाख तंतू एका आठवड्यात गेले, आणि हा काही आजार नाही, निरोगी गर्भात असंच होतं. गर्भात चेतापेशी अशा मरतात हे कळलं त्यामागे बऱ्याच अंशी कोंबडीचाच गर्भ आहे. रिटा लेव्ही-मॉन्टालचिनीने दुसऱ्या महायुद्धात, ज्यू असल्यामुळे विद्यापीठातून बाहेर काढल्यावर, इटलीतल्या तूरिनमध्ये आपल्या बेडरूममध्ये अंडी उबवून हे काम सुरू केलं आणि पुढे अमेरिकेत हॅम्बर्गरबरोबर (तोच, 46 टप्पेवाला) काम करताना चेतापेशींना जगवणारा एक पदार्थ शोधला, त्याचं नोबेल 1986 मध्ये स्टॅनली कोहेनबरोबर मिळालं. मुद्दा असा की पेशी जिथे जाऊन जोडली जाते तिथून तिला जगण्यासाठी असे पदार्थ थोड्या प्रमाणात मिळतात. जोडणी जमली नाही की पुरवठा नाही, पुरवठा नाही की पेशी स्वतःला संपवते. मेंदूकडून उलट डोळ्याकडे जाणाराही एक छोटा गठ्ठा पक्ष्यांमध्ये असतो, त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी मरतात आणि ज्यांनी चुकीच्या डोळ्याकडे तंतू पाठवले त्या हमखास जातात.

दुसऱ्या आठवड्यात अजून एक गोष्ट सुरू होते. प्रकाश ओळखणाऱ्या पेशी अजून कामाला लागलेल्या नसतात, तरी रेटिनात आपोआप विजेच्या लाटा उठायला लागतात. शेजारच्या पेशी एकत्र पेटतात, लाट पुढे सरकते, विरते, थोड्या वेळाने दुसरीकडून उठते. बघायला काही नसताना डोळा मेंदूला सिग्नल पाठवत बसलाय. उपयोग असा की शेजारच्या पेशी एकाच वेळी पेटल्या तर मेंदूकडच्या बाजूला कळतं की हे तंतू शेजारी आहेत. उंदरांमध्ये या लाटा बिघडवल्या तर नकाशा ढोबळ राहतो, बारकावे येत नाहीत. रसायनाने गल्ली ठरते, लाटांनी घर.

सतराव्या-अठराव्या दिवशी डोळा खरोखर उजेडाला प्रतिसाद द्यायला लागतो, बाहुली आकसते. आणि आता येतं ते 'जवळजवळ'.

याच सुमारास अंड्यात जागा संपलेली असते आणि पिल्लू बाहेर यायच्या तयारीने एका ठरावीक पद्धतीत वळून बसतं. डोकं असं वळतं की डावा डोळा स्वतःच्याच अंगात दाबला जातो आणि उजवा डोळा कवचाच्या बाजूला, हवेच्या पोकळीजवळ येतो. कवच आपल्याला बंद वाटतं पण त्यातून उजेड आत जातो. म्हणजे शेवटचे दोन-तीन दिवस उजेड मिळतो तो फक्त उजव्या डोळ्याला. ऑस्ट्रेलियातल्या लेस्ली रॉजर्स यांनी 1982 मध्ये दाखवलं की याच एवढ्याशा गोष्टीने मेंदूच्या दोन बाजूंमध्ये फरक पडतो. पूर्ण अंधारात उबवलेल्या पिल्लांमध्ये तो फरक येत नाही, आणि शेवटच्या दिवसांत दोनेक तासांचा उजेडही पुरतो. बदल होतो तो दुसऱ्या रस्त्यात, थॅलॅमस ते वुल्स्ट. थॅलॅमसमधून काही तंतू आपल्याच बाजूच्या वुल्स्टमध्ये जातात आणि काही परत ओलांडून पलीकडच्या. उजव्या डोळ्याचा उजेड डाव्या थॅलॅमसला मिळतो, त्यामुळे डावीकडून उजवीकडे ओलांडणारे तंतू जास्त वाढतात. मग त्यांनी उलटही करून बघितलं: बाहेर यायच्या जरा आधी पिल्लाचं डोकं अंड्यातून अलगद बाहेर काढलं, उजवा डोळा झाकला आणि डाव्याला उजेड दिला, तर फरक उलटा झाला. इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात रोज मिळत नाही.

पण सगळी पिल्लं एकाच बाजूला का वळतात? तर गर्भ अगदी कोवळा असतानाच डावी आणि उजवी बाजू ठरवणारे जीन्स कामाला लागलेले असतात, 1995 साली हे पहिल्यांदा कोंबडीच्या गर्भातच दिसलं, एक जीन फक्त डाव्या बाजूला चालू आणि उजव्या बाजूला बंद. हृदय कुठल्या बाजूला वळणार, शरीर कसं वळणार हे त्यातून ठरतं. म्हणजे इथे जीनने मेंदूला 'डावीकडे हे, उजवीकडे ते' असं काही सांगितलेलं नाही. जीनने शरीर वळवलं, शरीराने एक डोळा झाकला आणि उरलेलं काम कवचातून आलेल्या उजेडाने केलं. 'हे जन्मजात की शिकलेलं' असं विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो, सांगा याला कुठल्या डब्यात टाकायचं.

याचा पिल्लाला फायदा काय? पिल्लू उजव्या डोळ्याने दाणा आणि खडा वेगळे ओळखण्यात तरबेज असतं आणि डाव्या डोळ्याने नवीन, धोक्याची गोष्ट चटकन टिपतं. 2004 मध्ये रॉजर्स आणि इटलीतल्या व्हॅलोर्टिगारा यांच्या गटाने पिल्लांना दोन कामं एकत्र दिली, खाली खड्यांतून दाणे वेचायचे आणि वरून सरकणाऱ्या ससाण्याच्या खोट्या आकृतीवर लक्ष ठेवायचं. उजेडात उबवलेल्या पिल्लांना जमलं, अंधारातल्या पिल्लांचा गोंधळ उडाला. परसात मोकळ्या चरणाऱ्या कोंबडीला दिवसभर हेच तर करायचं असतं. (यावरून माणसांच्या 'डाव्या मेंदूचे आणि उजव्या मेंदूचे लोक' वगैरे व्हॉट्सअॅप ज्ञानाकडे जाऊ नका प्लीज, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) आणि सगळाच डावा-उजवा फरक उजेडामुळे येतो असंही नाही, काही फरक अंधारात उबवलेल्या पिल्लांतही दिसतात.

कबुतरांमध्ये जर्मनीच्या बोखुम विद्यापीठातले ओनूर ग्युंट्युर्कुन यांनी हाच अभ्यास केला. तिथेही गर्भ तसाच वळतो आणि उजव्या डोळ्यालाच उजेड मिळतो, पण फरक पडतो तो पहिल्या रस्त्यात, टेक्टमवाल्या. शिवाय कबुतराचं पिल्लू डोळे मिटलेलंच जन्मतं त्यामुळे तिथे वाढीचा बराच भाग अंड्याबाहेर होतो. याच ग्युंट्युर्कुन यांनी विमानतळ, रेल्वे स्टेशन, समुद्रकिनारे अशा ठिकाणी 124 जोडप्यांना चुंबन घेताना बघितलं आणि साधारण दोन तृतीयांश जणांनी डोकं उजवीकडे वळवलं असं 2003 मध्ये छापलं. माणसाचं बाळही पोटात शेवटच्या आठवड्यांत डोकं उजवीकडे वळवतं, त्याच्याशी त्यांनी हे जोडलंय. मला हे जोडणं थोडं ओढूनताणून वाटतं, पण संशोधनाच्या नावाखाली स्टेशनवर उभं राहून हे मोजायचं म्हणजे हिंमत लागते.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की दिवसातून थोडा वेळ खायला-प्यायला उठते, तेवढ्यात अंड्यांवर उजेड पडतो. मोठ्या हॅचरीत मशीनच्या आत सहसा अंधारच असतो. यावरून लगेच कोणी इन्क्युबेटरमध्ये बल्ब लावायला धावू नका, कारण हे प्रकरण हार्मोनशीही बांधलेलं आहे. अंड्यात कॉर्टिकोस्टेरोन हे ताणाचं हार्मोन सुईने वाढवलं तर उजेड देऊनही वुल्स्टच्या रस्त्यात फरक येत नाही, आणि मुळात हा फरक नर पिल्लांमध्ये जितका ठळक असतो तितका माद्यांमध्ये नसतो. कोंबडीत तो टिकतही नाही, पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की दोन्ही बाजूंचे तंतू जवळपास सारखे होतात. कबुतराच्या टेक्टमच्या रस्त्यातला फरक मात्र मोठं झाल्यावरही राहतो.